डिझाइनचं सॉफ्टवेअर निवडायचंय? मग आधी प्रेसवाल्याकडे जा

‘बजेट कमी आहे, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा दोन उद्योग आधीच करून बसलेला असतो. एक, व्हिडिओ बघून चार-पाच सॉफ्टवेअरं उतरवून घेतलेली असतात. दोन, कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर कोरलची (कोरलड्रॉ या विकतच्या डिझाइन-सॉफ्टवेअरची) ‘क्रॅक’, म्हणजे चोरीची प्रत, आणलेली असते. मग पहिलं काम येतं, चार दिवस खपून ते तयार होतं, आणि प्रेसवाला म्हणतो, ‘ही फाइल चालणार नाही.’

चूक सॉफ्टवेअरची नसते, क्रमाची असते. आपण सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतो आणि छपाईपाशी अडकतो. खालचा क्रम त्याच्या उलट आहे: आधी छपाई, मग मराठी अक्षरं, मग संगणक, त्यानंतर सॉफ्टवेअर आणि सगळ्यात शेवटी पैसे. व्हिजिटिंग कार्ड, लग्नपत्रिका, हँडबिल, फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपवरच्या पोस्ट असली कामं करणारा एकटा माणूस किंवा छोटं दुकान डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय.

## १. कामांची यादी, तीही कागदावर

गेल्या तीन महिन्यांत आलेली (किंवा येतील अशी खात्री असलेली) कामं लिहा. ‘पुढे कधीतरी ॲनिमेशन करेन’ हे लिहायचं नाही. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी टाका: ते कशावर उमटणार आहे आणि त्यात मराठी मजकूर किती आहे.

फक्त स्क्रीनवर दिसणारी कामं एका बाजूला आणि छापली जाणारी दुसऱ्या बाजूला काढा. यादीत नव्वद टक्के वाढदिवसाच्या पोस्ट आणि दुकानाची स्टेटसं निघाली, तर तुमचा प्रश्न फार सोपा आहे. कॅनव्हाची फुकट आवृत्ती किंवा मोबाइलवरचं पिक्सेललॅब पुरेल, आणि पुढचं निम्मं तुम्हाला लागणार नाही. तिसरी पायरी तेवढी वाचा.

> इशारा: पिक्सेललॅबमधून निघतं ते चित्र. त्यातली अक्षरंसुद्धा ठिपक्यांचीच असतात. फोनवर ते छान दिसतं, पण तेच ऑफसेटला (प्लेटवरून होणाऱ्या कागदाच्या छपाईला) दिलं की बारीक मजकुराच्या कडा फुटतात.

## २. प्रेसवाल्याला पाच प्रश्न

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि फुकट असूनही सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. ज्यांच्याकडून छापून घेणार आहात त्यांच्याकडे जा. गर्दीच्या वेळी, म्हणजे लग्नसराईत किंवा निवडणुकीच्या तोंडावर, जाऊ नका. ऑफसेटवाला आणि फ्लेक्सवाला वेगळे असतील तर दोघांनाही विचारा:

१. ‘काका, पीडीएफ चालेल का, की सीडीआरच पाहिजे?’ (सीडीआर म्हणजे कोरलची स्वतःची फाइल.)
२. सीडीआरच हवी असेल तर कोरलची कुठली आवृत्ती? (नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही.)
३. फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) हवी का? ब्लीड (कटिंगसाठी कडेबाहेर वाढवलेला रंग) किती सोडायचं?
४. अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे नुसते आकार करून, फाँट लागणार नाही अशी) द्यायची ना?
५. फ्लेक्ससाठी जेपीजी की टिफ, आणि किती डीपीआयला (इंचाला किती ठिपके)?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर तुमचं अर्धं बजेट ठरतं. पीडीएफ चालत असेल तर फुकटची सगळी सॉफ्टवेअरं रिंगणात राहतात. ‘सीडीआरच पाहिजे’ असं उत्तर आलं तर लगेच कोरल विकत घ्यायला धावू नका. ‘कर्व्ह केलेली पीडीएफ तुमच्या कोरलमध्ये उघडून बघा ना एकदा’ म्हणा. सीडीआरचा आग्रह बऱ्याचदा सवयीचा असतो. नाहीच ऐकलं, तर दुसरा प्रेस शोधणं सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त पडतं.

> तपासा: पाचही उत्तरं लिहून घेतली का? ‘आण रे, बघू’ हे उत्तर नव्हे.

## ३. मराठीची चाचणी

इंग्रजी लेखांतल्या ‘सर्वोत्तम दहा’ याद्या आपल्या उपयोगाच्या नाहीत, कारण त्या लिहिणाऱ्याला जोडाक्षर लावायचं नसतं. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि दिसते आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, दोन व्यंजनं मिळून तिसराच आकार होतो. हे सगळं जुळवायचं काम सॉफ्टवेअरचं. ते त्याला जमत नसेल तर कितीही देखणा फाँट टाका, ‘आर्थिक’ मोडणारच.

चाचणीसाठी हे वाक्य कॉपी करून ठेवा. अर्थ शोधू नका, त्याला अर्थ नाही:

ॲडव्होकेटच्या ऑफिसात दुसऱ्या वर्षी आर्थिक स्थिती उत्कृष्ट. श्रद्धा, यज्ञ, ट्रॅक्टर नि कुऱ्हाड ₹५००.

आता एकेक जागा बघा:

- ‘आर्थिक’मध्ये रफार आणि वेलांटी दोन्ही ‘थ’वर नीट बसलेत का?
- ‘स्थिती’ची पहिली वेलांटी ‘स्थ’च्या आधी आहे का, की ‘स्’ आणि ‘थ’च्या मध्ये घुसलीय?
- ‘दुसऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’मध्ये आडवा अर्धा र दिसतो का? तिथे ‘र’खाली हलन्त दिसलं किंवा रफार वर गेला, तर नापास.
- ‘ॲ’ सुट्टा होऊन ‘अ’शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ आलं का?
- ₹ ऐवजी चौकोन आला का? तो आला तर बहुधा फाँटचा दोष, सॉफ्टवेअरचा नव्हे.

चाचणी युनिकोड (मोबाइलवर टाइप होतं त्या पद्धतीच्या) फाँटवरच घ्या. इथे हमखास गफलत होते. श्रीलिपीसारख्या संचांतले जुने, युनिकोड नसलेले फाँट कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ‘चालतात’. सॉफ्टवेअरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांच्या अंगावर मराठीचे कपडे चढवलेले. म्हणून जुन्या फाँटवर चाचणी घेतली की सगळेच पास होतात. मग गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरून पत्रिकेचा मजकूर पाठवतं. तो युनिकोडमध्ये असतो, आणि तिथे आपण अडकतो.

फाँटला पैसे घालवू नका. गूगल फाँट्सवर मुक्ता, बालू, हिंद, खंड, मोदक, तिरो देवनागरी मराठी हे सगळे फुकट आहेत आणि धंद्याच्या कामालाही चालतात. लग्नपत्रिकेसाठी तिरो मला आवडतो. शिवाय मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्यात आपोआप येतात. काही फाँटांत हिंदी वळणाचे येतात, आणि पत्रिका वाचणारे आजोबा ते बरोबर हेरतात. कुठूनतरी उतरवलेल्या फाँटवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ लिहिलेलं असेल तर गिऱ्हाइकाच्या कामाला तो नाही.

आता सॉफ्टवेअरनिहाय:

इंकस्केप (रेषाचित्रांसाठी) आणि गिम्प (फोटोंसाठी) देवनागरी नीट जुळवतात. स्क्रायबस (पानमांडणीसाठी) २०२४ च्या सुरुवातीला आलेली १.६ किंवा त्यापुढचीच घ्या. १.४ मालिकेत जोडाक्षरं तुटतात, आणि ‘स्क्रायबसला मराठी येत नाही’ हा समज तिथूनच पसरलाय.

फोटोशॉप, इलस्ट्रेटर वापरणारे ‘मराठी तुटतं’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा सेटिंग राहिलेलं असतं. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये शो इंडिक ऑप्शन्सवर टिक करा.

अफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालंय, कॅनव्हाचं खातं तेवढं लागतं. फोटो, व्हेक्टर (रेषाचित्रं) आणि पानमांडणी तिन्ही एकाच जागी, शिवाय सीएमवायके. मोह होणारच. पण त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं तुटायची, तेव्हा तुमच्याकडे जी आवृत्ती उतरेल तिच्यावर वरचं वाक्य टाकल्याशिवाय हो म्हणू नका.

> एखादं आवडतं सॉफ्टवेअर इथे नापास झालं तर: मराठी मजकूर इंकस्केपमध्ये लावा, ‘पाथ’ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा (म्हणजेच कर्व्ह), एसव्हीजी (रेषाचित्राची फाइल) सेव्ह करा आणि ती आणून बसवा. मथळ्यांपुरतं हे चालतं. अख्ख्या अहवालाला हा खटाटोप करायचा नाही.

## ४. संगणकाला झेपेल का

सॉफ्टवेअर पक्कं करायच्या आधी रॅम बघा आणि एक हिशेब करा. दहा फूट बाय सहा फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तर ८,६४० बाय ५,१८४ ठिपके होतात. एका थराला (लेयरला) साधारण १३४ एमबी. तोच हौसेनं ३०० डीपीआयला घेतला की ३६,००० बाय २१,६००, म्हणजे एकेका थराला २.३ जीबीच्या वर. चार जीबी रॅमच्या मशीनवर तो उघडणारही नाही, आणि दोष सॉफ्टवेअरला मिळेल.

फ्लेक्स लांबून बघायचा असतो. प्रेसवाल्याने पाचव्या प्रश्नाला दिलेला आकडा घ्या, त्यापुढे जाऊ नका. हातातल्या कागदाला मात्र ३०० डीपीआय हवेच.

## ५. आता निवडा, पण एक नव्हे

‘सगळं करणारं एकच फुकट सॉफ्टवेअर’ शोधण्यात लोक महिने घालवतात. स्वयंपाकघरात आपण पोळपाटावर भाजी चिरत नाही, तसंच हे. छापील कामासाठी माझी जोडणी अशी:

लोगो, कार्डाचं चित्र, पत्रिकेची वेलबुट्टी, मोठे मथळे: इंकस्केप.
फोटो कापणं, उजळणं, पार्श्वभूमी काढणं: गिम्प. (३.० पासून, म्हणजे मार्च २०२५ पासून, लावलेला फिल्टर नंतर बदलता येतो. जुनी आवृत्ती पडून असेल तर बदला.)
पान मांडणं आणि छपाईची पीडीएफ काढणं: स्क्रायबस.

हाताने चित्र काढत असाल तर क्रिटा जोडा. तिच्यात सीएमवायकेत थेट काम करता येतं. गिऱ्हाइकाने पीएसडी (फोटोशॉपची) फाइल पाठवली आणि ती फक्त उघडून बघायचीय, तर ब्राउझरमधलं फोटोपी आहे.

इंकस्केप, गिम्प, स्क्रायबस आणि क्रिटा मुक्त परवान्याची आहेत. त्यांवर केलेल्या कामाचे पैसे घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

कॅनव्हाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. फुकट आवृत्तीतून पीडीएफ निघते, पण आरजीबीत (स्क्रीनच्या रंगांत). सीएमवायके, पारदर्शक पार्श्वभूमी आणि स्वतःचा फाँट चढवणं हे पैसे भरल्यावर. आणि एक धोका: कॅनव्हातलं तयार चित्र उचलून कुणाचा लोगो करू नका. त्या चित्रावर ट्रेडमार्क घेता येत नाही, आणि तेच चित्र शेजारच्या तालुक्यातल्या डेअरीवरही दिसू शकतं.

> इशारा, उतरवताना: सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्याच संकेतस्थळावरून घ्या. शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर टिचकी मारू नका. क्रिटा मायक्रोसॉफ्टच्या दुकानात पैसे घेऊन मिळते आणि तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट. दुकानातले पैसे क्रिटालाच जातात, पण मदत करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, नकळत व्हायला नको.

> इशारा, ‘क्रॅक’बद्दल: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, क्रॅक बसवताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं का सांगतात याचा विचार करा. त्याच मशीनवर तुम्ही बँकेचे व्यवहार करता.

## ६. रंग आणि पीडीएफ

इथे मी स्वतः पैसे घालवलेत. एका वकिलांची हजार कार्डं छापून आली आणि बारीक अक्षरातला पत्ता धुरकट, अक्षरांच्या कडेला लालसर सावली. फाइल इंकस्केपमधून थेट पीडीएफ काढलेली होती, म्हणजे आरजीबी. प्रेसमध्ये तिचं रूपांतर झालं तेव्हा काळ्या अक्षरांत चारही शाया आल्या. चार प्लेटी केसभर हलल्या तरी बारीक अक्षर फाटतं. कार्डं पुन्हा छापून दिली, माझ्या खर्चानं. वकिलांना पत्ता धुरकट चालत नाही.

तेव्हापासूनचा क्रम हा:

अ. स्क्रायबसमध्ये पान घेतानाच अचूक माप टाका. आपल्याकडे व्हिजिटिंग कार्ड साधारण ३.५ बाय २ इंच, म्हणजे ८९ बाय ५१ मिमी. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड. महत्त्वाचा मजकूर कडेपासून किमान ३ ते ४ मिमी आत, नाहीतर कटिंगमध्ये शेवटचा अंक जातो. नेमका मोबाइल नंबरचा.

आ. बारीक मजकूर स्क्रायबसमध्येच टाइप करा आणि त्याला फक्त काळी शाई द्या: के १००, बाकी शून्य. इंकस्केपमधून फक्त चित्र आणि मथळा आणा, तोही पाथ करून.

इ. स्क्रीनवरचा झगझगीत भगवा, गडद निळा आणि पोपटी कागदावर तसे येत नाहीत. भगवा मंदावतो, निळा जांभळ्याकडे झुकतो. भगव्यासाठी मॅजेंटा ६० ते ७०, यलो १०० इथून सुरू करा आणि प्रूफ (छपाईचा नमुना) बघून हलवा. गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. ‘मोबाइलवर वेगळा होता’ हा वाद नंतर जिंकता येत नाही.

ई. पीडीएफ काढताना फाँटच्या विभागात सगळे फाँट ‘आउटलाइन’ करा (प्रेसच्या भाषेत कर्व्ह), रंगांच्या विभागात ‘प्रिंटर’ निवडा, ब्लीड आणि कटिंग मार्क चालू करा. स्क्रायबसचा प्रीफ्लाइट (छपाईआधीची तपासणी) तक्रार करत असेल तर ती वाचा. ‘दुर्लक्ष करा’वर टिचकी मारायची सवय लागली की तो असून नसल्यासारखा.

उ. स्क्रायबसच्या छपाईआधीच्या प्रिव्ह्यूमध्ये शाया एकेक करून बंद करा. विंडोजवर त्यासाठी घोस्टस्क्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं. काळी शाई बंद केल्यावर पत्ता पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. त्याचं भूत मागे राहिलं तर अजून चार शाया आहेत, मागे जा.

> तपासा: कर्व्ह करायच्या आधीची, मजकूर बदलता येणारी प्रत वेगळ्या नावानं ठेवली का? पाथ झालेल्या ‘चि. सौ. कां.’चा कानामात्रा दुरुस्त करता येत नाही. आणि पत्रिकेत दुरुस्ती येतेच, साधारण मामाच्या नावाची.

## ७. पैसे: आता, याआधी नाही

एवढं करून फुकटच्या जोडणीत काम बसलं तर ही पायरी सोडून द्या. नाही बसलं तर ‘फक्त महिना १,००० रुपये’ या जाहिरातीचा हिशेब पूर्ण करा. वर्षाचे १२,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा असेल तर १४,१६०. तीन वर्षांचे ४२,४८०. एका कार्डाच्या डिझाइनमागे तुम्हाला २०० रुपये सुटत असतील, तर वर्षातली ७१ कार्डं निव्वळ सॉफ्टवेअरसाठी. हा आकडा बघूनही घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. रोज सीडीआर फाइलींवर काम करणाऱ्यासाठी कोरल हा धंद्याचा खर्च आहे, चैन नाही.

घेताना:

- ‘दरमहा’ लिहिलेला भाव खरोखर महिन्याचा आहे, की वर्षाचा करार आणि हप्ते महिन्याचे? अडोबीच्या (फोटोशॉप, इलस्ट्रेटरची कंपनी) दुसऱ्या प्रकारात मध्येच सोडलं तर उरलेल्या रकमेचा काही भाग भरावा लागतो.
- पहिल्या वर्षाचा भाव आणि नूतनीकरणाचा भाव वेगवेगळे असतात. दुसरा धरा.
- विद्यार्थी सवलतीची प्रत धंद्यासाठी चालते का, ते परवान्यात वाचा.
- वर्गणी थांबवल्यावर जुन्या फाइली कशात उघडणार? प्रत्येक कामाची एक पीडीएफ किंवा एसव्हीजी आतापासून बाजूला ठेवत जा.
- कापले जाण्याच्या एक दिवस आधी बँकेचा मेसेज येतो. तो जाहिरात समजून पुसू नका.

चाचणीचा काळ हातात काम असतानाच सुरू करा. कोरलची पंधरा दिवसांची आणि अडोबीची सात दिवसांची मुदत लोक बटणं बघण्यात घालवतात, आणि काम येतं आठव्या दिवशी.

## ८. एक काम शेवटपर्यंत

स्वतःचंच व्हिजिटिंग कार्ड करा. मराठी नाव, बारीक पत्ता, एक फोटो, एक भगवी पट्टी, कडेला भिडणारा रंग. वरच्या सगळ्या अडचणी एवढ्याशा तुकड्यात येतात. ते प्रेसवाल्याकडे द्या, कमीत कमी संख्येत छापा आणि कार्ड हातात आल्यावर पत्ता भिंगातून बघा.

पुढचे तीन महिने एक वही जवळ ठेवा. कुठे अडलो, किती वेळ गेला, कुठलं काम सोडावं लागलं, एवढंच लिहायचं. विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचं का, हे त्या वहीतल्या तासांवरून ठरवा, मित्राच्या लॅपटॉपवरून नव्हे. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त तास गेले होते ते ‘फाँट शोधणे’ या नावाखाली. त्यावर कुठलीच कंपनी औषध विकत नाही. आठ फाँट ठेवले, बाकीचे काढून टाकले.